'पुनर्निर्देशन' की 'पुर्ननिर्देशन'? आणि साधं 'वळवणं' का नको?

प्रश्न असा आहे: संकेतस्थळावरच्या एखाद्या पानाचा पत्ता बदलला, तरी जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पानावर पोचतो. या 'रिडायरेक्ट'ला मराठीत काय म्हणायचं? 'अग्रेषित करणे' चालेल का? आणि 'पुनर्निर्देशन' म्हणायचं तर रफार कुठे द्यायचा?

'अग्रेषित' मला इथे चुकीचा वाटतो. कचेरीत अर्ज अग्रेषित होतो तेव्हा ज्याच्या हाती तो आला तोच पुढे पाठवतो. इथे सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेलं असतं तो संगणक, काहीच पुढे पाठवत नाही. ब्राउझरने जुना पत्ता मागितला की सर्व्हर उत्तरात ३०१ किंवा ३०२ असा आकडा देतो आणि 'लोकेशन' नावाच्या ओळीत नवा पत्ता कळवतो. त्या पत्त्यावर दुसऱ्यांदा मागणी करतो तो ब्राउझरच. म्हणजे सर्व्हरचं काम बोट दाखवण्यापुरतं, आणि 'निर्देश' म्हणजे तेच: दाखवणं, दर्शवणं. शब्द जड आहे खरा, पण आत काय घडतं ते तो अचूक सांगतो.

यात 'पुन्हा' काय आहे, अशीही शंका काहींना येते. 'पुनर्' म्हणजे दरवेळी तीच गोष्ट परत करणं नव्हे. धरणग्रस्तांचं पुनर्वसन होतं ते दुसऱ्या जागी, नव्याने. इथेही निर्देश नव्याने होतो, नव्या ठिकाणाकडे.

आता रफार. मूळ शब्द 'पुनर्', त्यातला र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: पुनर्जन्म, पुनर्विवाह, पुनर्विकास. पुढे क, ख, प, फ यांपैकी कठोर व्यंजन आलं की विसर्ग राहतो, म्हणून पुनःप्रक्षेपण. 'पुनर्निर्देशन'मध्ये रफार दोन आहेत, पहिला 'नि'वर आणि दुसरा 'दे'वर. लागोपाठ दोन न, वर वेलांटी आणि रफार यांची दाटी, त्यामुळे नजर फसते आणि पहिला रफार एक घर मागे सरकून 'पुर्न' होतं. 'पुर्नविकास' आणि 'पुर्नवसन' असे फलक लागतात तेही याच चुकीने. शंका आली तर मोठ्याने म्हणून बघा: पु-नर्-निर्-दे-शन. 'पुर्-न' असं कुणीच उच्चारत नाही.

हा शब्द रोजच्या वापरात बघायचा तर मराठी विकिपीडियावर जा. तिथे एका नावाचं पान दुसऱ्या नावाकडे न्यायचं असेल तर पानावर एवढीच ओळ लिहितात: #पुनर्निर्देशन [[मुंबई]]. लेखाचं शीर्षक बदललं की जुन्या नावाच्या पानावर अशी ओळ सहसा आपोआपच बसते. तिथे तो नुसता शब्द राहिलेला नाही, आज्ञा झाला आहे. म्हणून नाम म्हणून तोच ठेवावा. रोज नवा प्रतिशब्द घडवण्यात हशील नाही.

क्रियापदाला मात्र माझं ठाम मत 'वळवणे' या बाजूने आहे. गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरची वाहतूक वळवतात, तेव्हा ती 'पुनर्निर्देशित करण्यात आली' असं कोणी म्हणत नाही. वाचकाला दिसणाऱ्या सूचनेत तर 'आपणास पुनर्निर्देशित करण्यात येत आहे' हे वाक्य नकोच. 'हे पान आता नव्या पत्त्यावर आहे, तिकडे नेत आहोत' एवढं पुरे.

एक बारकावा जपायला हवा. ३०१ म्हणजे पत्ता बदलला तो बदललाच. ब्राउझर हे लक्षात ठेवू शकतो आणि शोधयंत्रंही नवा पत्ता धरतात. ३०२ म्हणजे सध्यापुरतं तिकडे जा, जुना पत्ता सोडू नका. नुसत्या 'पुनर्निर्देशन'मधून हा फरक कळत नाही, तेव्हा 'कायमचं' किंवा 'तात्पुरतं' हे विशेषण लावावंच. तेही 'कायम' नाही, 'कायमचं'. कारण मराठीत 'पत्ता कायम आहे' म्हणजे तो बदललेला नाही! एका 'चं'ने अर्थ पार उलटतो.

'पुनर्निर्देशित पान' हा प्रयोगही टाळा. जुनं पान की नवं, ते त्यातून कळत नाही. सरळ 'जुना पत्ता' आणि 'नवा पत्ता' म्हणा.