गढूळ बिअर, आंब्याचा वास

प्रश्न: नमस्कार ताई. माझं वय ६१. मुलीनं मुंढव्यातल्या एका ब्रुअरीत नेलं आणि तिथे हेझी पेल एल नावाची बिअर मागवली. समोर आली ती फिकट पिवळी आणि इतकी गढूळ, की ग्लासापलीकडचं बोट दिसेना. वास थेट आंबा-पेरूचा, कडवटपणा जेमतेम. आम्ही आयुष्यभर स्वच्छ, सोनेरी बिअर प्यायलेली माणसं. मला वाटलं, हिला नीट गाळलेली नाही आणि वरून फळांचा अर्क घातलाय. मुलगी म्हणते, तसं काही नाही. खरं काय? आणि यातली चांगली कोणती, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: मुलीचं बरोबर आहे. काही ठिकाणी खरंच फळ घालतात, पण तसं असेल तर मेनूवर लिहिलेलं असतं. साध्या हेझी पेल एलमध्ये असतं ते बार्लीचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे), ओट्स, गहू, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. आंबा-पेरूचा वास हॉप्सचा.

मी काही वर्षं पुण्यातच बिअरच्या टाक्यांपाशी काम केलंय. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्याकडे ती बहुतेक परदेशातून येतात, वाळवून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात. सिट्रा नावाच्या जातीचं पाकीट फोडलं की पपनसाची साल आणि पिकलेला पेरू असा वास खोलीभर होतो आणि हातांना संध्याकाळपर्यंत राहतो. यात जादू नाही. हॉप्सच्या तेलातलं मायर्सीन आंब्याच्या कितीतरी जातींत असतं, लिनालूल आपल्या धण्यात असतं, जिरॅनिऑल गुलाबात. गंधद्रव्यं तीच, म्हणून ओळख पटते.

कडवटपणा कमी का, तर हॉप्स केव्हा घालतात त्यामुळे. मॉल्टच्या उकळत्या काढ्यात तासभर राहिले की त्यातली आम्लं बदलतात आणि बिअर कडू होते. हेझीमध्ये बहुतेक हॉप्स आच बंद झाल्यावर आणि नंतर थेट आंबवण्याच्या टाकीत पडतात. तेल बिअरमध्ये उतरतं, कडूपणा फारसा येत नाही. यीस्ट अजून काम करत असेल तर ते जिरॅनिऑलचं रूपांतर सिट्रोनेलॉल या दुसऱ्या गंधद्रव्यात करतं आणि लिंबासारखी एक छटा वाढते. मला या बिअरमधला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

गढूळपणाही त्यातूनच येतो. गव्हा-ओट्समधली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स (चहासारखी तुरट द्रव्यं) एकमेकांना धरतात आणि तरंगत राहतात. ही बिअर मुद्दामच गाळत नाहीत, कारण गाळणीत वासही जातो. ओट्समुळे ती जिभेवर जरा जाड, मऊ लागते. या प्रकाराचं मूळ अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आहे. तिथल्या वॉटरबरी गावातल्या ‘द अल्केमिस्ट’ या ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ ही बिअर २०११ मध्ये कॅनमध्ये आली आणि ही धाटणी जगभर पोचली. तुमची पेल एल म्हणजे त्याच घराण्यातली हलकी बहीण. अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. पुण्यात डूलाली या ब्रुअरीनं २००९ मध्ये ताज्या बिअरची सुरुवात केली, त्यानंतर या शहराची जीभ बरीच तयार झाली आहे. तुमचीही होईल.

आता पारख. नुसत्या गढूळपणावर ना रीझायचं, ना नाक मुरडायचं. ग्लास उजेडात धरा. धुकं सगळीकडे सारखं हवं. कण, गुठळ्या तरंगत असतील किंवा तळाशी चोथा बसलेला असेल तर टाकीचा तळ तुमच्या वाट्याला आला, ग्लास बदलून मागा. रंग पिवळा ते फिकट केशरी असावा. करडा किंवा तपकिरी झाक म्हणजे बिअरला हवा लागली आहे. हेझीचा हा मोठा शत्रू, कारण इतके हॉप्स असले की ऑक्सिजनचा परिणाम फार लवकर दिसतो: फळांचा वास आधी जातो, मागे उरतो मध आणि ओल्या पुठ्ठ्याचा.

पहिल्या घोटाआधी वास घ्या. फार गार असेल तर दोन मिनिटं थांबा; आठ-दहा अंशांना ती खुलते. लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास आला तर ती वेळेआधी टाकीतून काढली, असं समजा. मग एक घोट तोंडात फिरवून गिळा आणि घशाकडे लक्ष द्या. खरखरलं, जळजळलं तर हॉप्सचे बारीक कण अजून खाली बसलेले नाहीत. चांगल्या पेल एलचा कडवटपणा शेवटी येतो, थोडाच येतो आणि पुढचा घोट मागतो. शेवटी नुसता गोडवा चिकटून राहिला तर ती मला अपुरी वाटते, कितीही आंबा दरवळला तरी. आवडेल की नाही याची खात्री नसेल तर आधी थोडीशी चाखायला मागा. चांगल्या ब्रुअरीत आनंदानं देतात.

सोबत तळलेली सुरमई, लिंबू पिळून. झणझणीत मिसळ नको, तिखटानं कडूपणा टोचायला लागतो. आणि मुंढव्याहून कोथरूडला परतताना गाडी दोघांपैकी कोणीच चालवू नका, रिक्षा करा.

प्रश्न: हाच प्रकार कॅनमध्ये मिळतो. घरी आणून ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, औंध

उत्तर: ठेवायला नको, प्यायला आणा. भरल्याची तारीख बघा. महिन्याच्या आतली मिळाली तर उत्तम. दुकानात फ्रिजमधलाच कॅन घ्या. एप्रिल-मेच्या पुण्यात बाहेर रचलेला कॅन मी कितीही स्वस्त असला तरी घेत नाही. घरीही फ्रिजमध्येच, उभा ठेवा. हेडी टॉपरवाले कॅनमधूनच प्या असं छापतात, पण माझं मत वेगळं आहे. रुंद तोंडाच्या ग्लासात ओता, कारण इथे अर्धी चव नाकातून मिळते. फक्त त्या ग्लासाला भांडी घासायच्या साबणाचा वास नसावा, नाहीतर फेसही टिकत नाही.