मुलाला मेटलचा अल्बम द्यायचाय, पण सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही आइंडहोवनला असतो. मी, नवरा, १४ वर्षांचा मुलगा, आणि सध्या सासूबाई आल्यात सांगलीहून तीन महिन्यांसाठी. मुलगा गेल्या वर्षापासून मेटल ऐकतोय, त्यातही प्रोग्रेसिव्ह आणि पॉवर मेटल म्हणतो, म्हणजे नक्की काय ते मला अजून कळलेलं नाही. दोन-चार गाणी सारखी सारखी लावतो, पुढे काय ऐकायचं ते त्यालाही माहीत नाही. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे, खरेखुरे अल्बम द्यावेत असं मनात आहे, पण नेटवर बघायला गेले तर एकही नाव ओळखीचं नाही आणि प्रत्येक यादी वेगळी. नवरा तबला वाजवतो, त्याच्या मते हा सगळा गोंगाट. सासूबाई काही बोलत नाहीत पण देवघराचं दार लावून घेतात. मला धास्ती शब्दांची, कसली गाणी असतात देव जाणे. आणि आता तो टिलबर्गला कॉन्सर्टला जाऊ का म्हणून मागे लागलाय. काय करू?

उत्तर : ताई, घाबरू नका, मुलगा चांगल्या वाटेला लागलाय. आधी एक सांगतो. कुठल्याही बँडचा सगळ्यात भारी अल्बम आणि सगळ्यात आधी ऐकायचा अल्बम हे बहुतेक वेळा दोन वेगळे अल्बम असतात, आणि नेटवरच्या याद्या सगळ्या 'भारी कुठला' याच्या असतात. त्या बनवणाऱ्यांनी त्या बँडबरोबर वीस-वीस वर्षं काढलेली असतात, त्यांना काय आवडतं त्यावरून तुम्ही खरेदी केलीत तर पोरगं दोनदा ऐकेल आणि कपाटात ठेवून देईल.

उदाहरण देतो. ब्लाइंड गार्डियन हा जर्मनीतल्या क्रेफेल्डचा बँड, म्हणजे तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही. त्यांचं नाव काढलं की लोक नाइटफॉल इन मिडल-अर्थ सांगतात, १९९८ चा, टॉल्किनच्या सिल्मारिलियन या पुस्तकावरचा. अल्बम जबरदस्त आहे यात वादच नाही, पण त्यात २२ ट्रॅक आहेत आणि त्यातले निम्मे म्हणजे मधले छोटे छोटे तुकडे, कोणीतरी बोलतंय, वारा सुटलाय, असं. गोष्ट माहीत नसेल तर माणूस वैतागतो. त्याऐवजी १९९५ चा इमॅजिनेशन्स फ्रॉम दि अदर साइड घ्या, नऊ गाणी, फापटपसारा नाही, आणि कोरस, म्हणजे ध्रुवपदं, अशी की तिसऱ्या वेळेला तुम्हीच किचनमध्ये गुणगुणाल. नाइटफॉल पुढच्या वाढदिवसाला.

ड्रीम थिएटरचंही तेच. बोस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी १९८५ मध्ये काढलेला बँड, प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे लांबलचक, ताल बदलत जाणारी गाणी, म्हटलं की पहिलं नाव त्यांचं. सगळे सांगतील सीन्स फ्रॉम अ मेमरी घ्या, १९९९ चा. त्याची गोष्ट आपल्याला जवळची आहे खरं म्हणजे, पूर्वजन्म, संमोहन, १९२८ मधला खून, एकदम मसाला. पण तो अख्खा एका बैठकीत ऐकायचा प्रकार आहे, पहिल्या ओळखीला जड जातो. १९९२ चा इमेजेस अँड वर्ड्स घ्या, आठच गाणी. पहिलं गाणं पुल मी अंडर, आठ मिनिटांचं, गायक बराच वेळ तोंडच उघडत नाही, गिटार आणि ड्रम्स हळूहळू चढत जातात, आणि शेवट असा की गाणं ऐन भरात मध्येच तुटतं. फाइल खराब आहे असं समजून परत डाऊनलोड करत बसू नका, ते तसंच आहे, मुद्दाम केलंय. तुम्ही स्वतः मात्र दुसऱ्या गाण्यापासून सुरू करा, अनदर डे, त्यात सॅक्सोफोन आहे आणि सासूबाईंसमोर बिनधास्त लावता येईल. वेट फॉर स्लीप तर नुसता पियानो आणि आवाज, अडीच मिनिटं. देवघराचं दार उघडं राहील बघा.

आता पॉवर मेटल म्हणजे काय ते. वेगवान ड्रम्स, उंच स्वच्छ आवाजातलं गाणं, मोठ्ठा कोरस, आणि विषय बहुतेक तलवारी, ड्रॅगन, समुद्र, आशा, स्वातंत्र्य असले. मेटल म्हटलं की लोकांना ज्या घोगऱ्या ओरडण्याची भीती वाटते ते इथे फारसं नसतंच. सगळं सुरू झालं साधारण हॅम्बुर्गच्या हेलोवीनपासून. कीपर ऑफ द सेव्हन कीजचे दोन भाग, १९८७ आणि १९८८. मी दुसरा भाग आधी देईन, कारण ईगल फ्लाय फ्री आणि आय वाँट आउट त्यात आहेत, आणि गायक मायकल किस्के पहिल्या भागाच्या वेळी विशीचाही नव्हता हे मुलाला सांगा, त्या वयात हे फार महत्त्वाचं वाटतं.

बँडचा पहिलावहिला अल्बम बहुधा टाळा. तिथे बँड स्वतःला शोधत असतो, आणि गायक वेगळाच असायची शक्यता दाट. ड्रीम थिएटरच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमवर वेगळा माणूस गातो, कॅमेलॉट या अमेरिकन बँडच्याही, हेलोवीनच्या पहिल्यावर तर गिटारिस्टच गातो. याला एक झकास अपवाद म्हणजे फिनलंडमधल्या केमी गावचा सोनाटा आर्क्टिका, त्यांचा पहिला अल्बम एक्लिप्टिका, १९९९ चा, तोच घ्यायचा, पुढचं पुढे.

गायक कोण आहे हे बघणं या संगीतात फार फार गरजेचं आहे, कारण गायक बदलला की बँड जवळपास नवीन होतो. नाइटविशचं बघा. तुमच्याकडे फ्लोर यान्सन कोणाला माहीत नाही, २०१९ च्या बेस्ते झांगर्स या टीव्ही कार्यक्रमामुळे ऑफिसातल्या मेटल न ऐकणाऱ्या डच बायकापण तिचं नाव घेतात. पण ती नाइटविशची तिसरी गायिका. वन्स हा २००४ चा अल्बम, लोक हाच सुचवतात, त्यावर तार्या टुरुनेन गाते, ऑपेराच्या अंगाने. फ्लोरसाठी घेताय आणि घरी आली तार्या, असं नको. फ्लोरचा पहिला स्टुडिओ अल्बम २०१५ चा, एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल, उत्क्रांतीवर आहे, त्यात चक्क रिचर्ड डॉकिन्स बोलतो, शेवटचं गाणं २४ मिनिटांचं. मुलाला सायन्स आवडत असेल तर ठीक, नाहीतर वन्सच बरा. आणि तुमच्या एकटीसाठी सांगतो, रात्री सगळे झोपले की फ्लोरने २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकन फेस्टिव्हलला गायलेलं घोस्ट लव्ह स्कोअर यूट्यूबवर बघा. दहा मिनिटं जातील, पण मुलगा कशाच्या मागे लागलाय ते कळेल.

नेदरलंड्समध्ये असल्याचा अजून एक फायदा. एपिका हा बँड लिम्बुर्गचा, म्हणजे शेजारचाच प्रांत, आणि त्यांनी नाव घेतलं कॅमेलॉटच्या २००३ च्या एपिका अल्बमवरून. त्या अल्बमचा पुढचा भाग म्हणजे २००५ चा द ब्लॅक हेलो, गटेच्या फाउस्ट या नाटकावर बेतलेला, आणि माझ्या मते पॉवर मेटलमध्ये बाहेरच्या माणसाला सगळ्यात पटकन आवडेल असा. रॉय खान नावाचा नॉर्वेजियन गायक, कधीही आवाज ताणून ओरडत नाही, आणि एका गाण्यात एपिकाची सिमोन सिमोन्स त्याच्याबरोबर गाते. इथे भारी आणि पहिला दोन्ही एकच आहेत, असं क्वचित होतं. फक्त मार्च ऑफ मेफिस्तोमध्ये सैतानाचा घोगरा आवाज आहे, साहजिक आहे, तो सैतानच आहे, तेव्हा सासूबाई बाल्कनीत असताना लावा.

आता तुमचे अहो. तबला वाजवणाऱ्या माणसाने प्रोग्रेसिव्हला गोंगाट म्हणावं म्हणजे कमाल आहे, कारण आख्ख्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात मात्रा मोजायची खरी मजा इथेच आहे. त्यांना पिंक फ्लॉइडचं मनी आधी ऐकवा, सात मात्रांचं, रूपक डोक्यात असलेला माणूस लगेच हसेल. मग टूल या बँडचं स्किझम, २००१ च्या लॅटरॅलस अल्बमवरचं. त्यातला मुख्य तुकडा पाच आणि सात असा चालतो, म्हणजे एकूण बारा, पण एकतालासारखे दोन-दोनचे विभाग करत गेलं की हात चुकतो. हे त्यांना आधी सांगू नका, टाळी देत बसू दे, दुसऱ्या आवर्तनात कपाळाला आठ्या पडतील. त्यानंतर सीन्स फ्रॉम अ मेमरीवरचं द डान्स ऑफ इटर्निटी, सहा मिनिटं नुसतं वादन, ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो. तिथे बापलेक दोघं मिळून मोजायला बसतील आणि दोघंही हरतील. गोंगाट हा शब्द परत ऐकू आला तर मला कळवा.

आणि नाट्यसंगीत वगैरे ऐकणारा कान असेल तर मायरथ हा ट्युनिशियाचा बँड, २०१६ चा लेगसी. अरबी वळणाची गायकी, व्हायोलिनं, आपल्या हरकती-मुरक्यांच्या कानाला एकदम ओळखीचं वाटतं. तसाच ब्राझीलचा अँग्रा, होली लँड, १९९६, पोर्तुगीज ब्राझीलला पोचले त्या काळावर, मधे मधे तिथले ढोल. आणि भारतात काहीच नाही असं मुलाला वाटत असेल तर स्कायहार्बरचा २०१४ चा गायडिंग लाइट्स द्या, भारतात सुरू झालेला प्रोग्रेसिव्ह बँड. आपल्याकडे हे वेड जुनं आहे हो, मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा तेव्हापासून, आणि २००८ मध्ये आयर्न मेडन बीकेसीला आले तेव्हा तिथे नाचणारे आता तुमच्याआमच्यासारखे मॉर्गेज भरतायत.

शब्दांबद्दल तुमची धास्ती अगदीच चुकीची नाही, पण तुम्ही बघताय भलत्या ठिकाणी. कव्हरवर कवटी असलेले अल्बम बहुतेक निरुपद्रवी असतात. जपायचं ते गंभीर चेहऱ्याच्या प्रोग्रेसिव्ह अल्बमना. क्वीन्सराइकचा १९८८ चा ऑपरेशन माइंडक्राइम अप्रतिम आहे, पण त्यात हेरॉइनचं व्यसन आणि राजकीय खून आहेत. पेन ऑफ सॅल्व्हेशनचा द परफेक्ट एलिमेंट तर लहान मुलांवरच्या अत्याचारापर्यंत जातो. बंदी घालू नका, १४ वर्षांच्या पोराला बंदी घातली की ते आधी तेच ऐकतं, पण हे दोन स्वतःहून गिफ्ट करू नका, आणि त्याने ऐकलेच तर गाण्यांचे शब्द एकदा वाचून ठेवा म्हणजे जेवताना विषय निघाला तर बोलता येईल. घोगऱ्या आवाजाचं म्हणाल तर ओपेथ कधीतरी घरात येणारच, स्वीडनचा बँड, सगळे ब्लॅकवॉटर पार्क सांगतील. त्याच्या आधी २००३ चा डॅम्नेशन येऊ दे, त्यात एकही ओरडणं नाही, सगळा शांत, उदास, मेलोट्रॉन नावाच्या जुन्या कीबोर्डच्या सुरांचा. तो आवडला की मुलगा ब्लॅकवॉटर पार्कपर्यंत आपणच पोचेल.

यादीत नसलेला, अगदीच अनोळखी बँड दुकानात दिसला तर पहिलं गाणं लावून ठरवू नका, पॉवर मेटलमध्ये पहिला ट्रॅक म्हणजे बऱ्याचदा मिनिटभर ढगांचा गडगडाट आणि ऑर्केस्ट्रा असतो. दुसरं गाणं ऐका, मग सगळ्यात लांब गाण्याचं मधलं एखादं मिनिट. दुसरं गाणं कोरस जमतो का ते सांगतं, लांब गाण्याचा मध्य बँडकडे सांगण्यासारखं काही आहे का ते सांगतो. आवाज खटकला तर सोडून द्या, गायकाचा आवाज नंतर आवडायला लागेल या आशेवर पैसे घालू नका. बेस्ट ऑफ घेऊ नका, त्यात तीन गायकांची खिचडी असते. डिलक्स, अॅनिव्हर्सरी, तीन डिस्कवाली आवृत्ती पण नको, जास्तीच्या डिस्कवर डेमो असतात, ते भक्तांसाठी. आणि व्हिनाइल घ्यायच्या आधी घरात प्लेअर आहे का बघा. हसू नका, लोक घेतात.

तर वाढदिवसाला मी चार देईन : इमेजेस अँड वर्ड्स, द ब्लॅक हेलो, कीपरचा दुसरा भाग आणि डॅम्नेशन. पाचवा हवाच असेल तर इमॅजिनेशन्स. एरियॉनचा द ह्यूमन इक्वेशन दिवाळीसाठी राखून ठेवा, डच माणसाचंच काम आहे, आर्येन लुकासनचं. २००४ चा डबल अल्बम, अपघातानंतर कोमात गेलेल्या माणसाचे वीस दिवस, दिवसाला एक गाणं, आणि त्यात त्याचा बाप येऊन त्याच्याशी बोलतो. कोमातला माणूस म्हणजे ड्रीम थिएटरचा गायक जेम्स लाब्री, आणि त्याची भीती हेही एक पात्र आहे, ते गातो ओपेथचा मिकाएल ऑकरफेल्ट. आधीचे अल्बम ऐकलेले असले की मुलगा दोन्ही आवाज स्वतः ओळखेल.

टिलबर्गला ०१३ या कॉन्सर्ट हॉलला जाऊ दे, पण या वेळी अहोंना बरोबर पाठवा. ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास. तिकीट काढायच्या आधी त्या कार्यक्रमाची वयाची अट वाचा, प्रत्येक शोची वेगळी असू शकते. शेवटची ट्रेन आधी बघून ठेवा, हे बँड वेळेवर संपवतातच असं नाही. आणि इअरप्लग दोघांनाही, फोमचे स्वस्तातले नको, संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळतात ते, घरीच एकदा घालून बघायला लावा म्हणजे तिथे गेल्यावर 'कानात बसत नाहीत' म्हणून खिशात जाणार नाहीत. पुढे उभं राहायचा हट्ट केला तर साउंड मिक्सरच्या टेबलाजवळ उभं रहा म्हणावं, सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं.