कॉलेजच्या बास्केटबॉलपटूने शिक्षण अर्धवट सोडून एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जावं का?

एनबीएचे संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’मध्ये फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात. त्यात पहिल्या फेरीत निवड जवळपास पक्की असेल तर खुशाल जावं, एरवी थांबावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला निदान दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. एजंट आणि दोस्तमंडळी हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, त्यांचं निम्मंच धरा. त्यापेक्षा ड्राफ्टला नाव द्यावं, संघांपुढे चाचण्या देऊन आपली किंमत पाहावी. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या मुदतीत नाव मागे घेतलं आणि नियम पाळले, तर कॉलेजकडून पुन्हा खेळता येतं. शिवाय २०२१ पासून कॉलेजात असतानाच जाहिरातींतून कमाई करता येते, त्यामुळे पैशांची घाई पूर्वीइतकी नाही. एनबीएचा दिग्गज टिम डंकन वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून चारही वर्षं खेळला आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. अर्थात मध्येच गुडघा गेला असता तर गणित फिरलं असतं, म्हणून थांबणाऱ्याने विमा उतरवावाच.