बँकॉकमध्ये नोकरी करणाऱ्या ठाणेकराने तिथे कॉन्डो घ्यावा का? पैसे कुठून आणि कसे पाठवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापासून बँकॉकला नोकरी, पगार बाथमध्ये, बायको-मुलगी घोडबंदर रोडला. कासारवडवलीचा जुना फ्लॅट विकून ऑन नुट स्टेशनजवळ ३५ चौरस मीटरचा (म्हणजे साधारण ३७७ चौरस फूट) रीसेल कॉन्डो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, घ्यायचा आहे. एजंट म्हणतो, ‘पगारातून टोकन द्या, बाकीचं बघू.’

आधी टोकन थांबवा. परदेशी माणसाला कॉन्डो स्वतःच्या नावावर घेता येतो, १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्यात तशी सोय आहे. पण नोंदणीच्या दिवशी तिथल्या भूमी कार्यालयात दाखवावं लागतं की पूर्ण किमतीइतका पैसा परकीय चलनात देशाबाहेरून आलाय. कायम रहिवासाचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला थायलंडमध्येच बाथमध्ये मिळालेला पगार कितीही पांढरा असला तरी या हिशेबात धरत नाहीत. टोकन त्यातून गेलं की तेवढी रक्कम पुराव्यात कमी पडते आणि ऐन नोंदणीच्या टेबलावर फाइल अडते.

मग पगाराचं काय? तो तुमच्या भारतातल्या एनआरई खात्यात (परदेशी कमाईसाठीचं अनिवासी खातं) पाठवा आणि तिथून डॉलरमध्ये परत थायलंडला. द्राविडी प्राणायाम आहे, दोन्हीकडे बँकेचं कमिशन जातं, पण कागद चोख होतो. नोकरीसाठी देश सोडल्यामुळे फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दृष्टीने तुम्ही अनिवासी आहात, त्यामुळे एनआरईतून पैसे काढायला वार्षिक मर्यादा नाही आणि टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही. मात्र ठाण्यातलं जुनं बचत खातं अजून निवासी म्हणूनच चालू असेल तर ते आधी एनआरओ (भारतातल्या पैशासाठीचं अनिवासी खातं) करून घ्या. बहुतेकांचं हेच राहून गेलेलं असतं.

पैसे पाठवताना ते डॉलरमध्येच निघायला हवेत. भारतातल्या बँकेने ‘सोयीसाठी’ इथेच बाथ करून पाठवले तर पुरावा गेला. डॉलरचे बाथ थाई बँकेतच व्हायला हवेत. उद्देशाच्या रकान्यात कॉन्डो खरेदी, इमारतीचं नाव आणि युनिट क्रमांक लिहायला सांगा. पाठवणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे घोळ होतो तो वडिलांच्या नावाचा: पासपोर्टवर ते पूर्ण असतं, पासबुकावर नुसतं आद्याक्षर. बँकेत नाव आधी दुरुस्त करा, मग पैसे हलवा. एका वेळी ५०,००० डॉलर किंवा जास्त आले तर थाई बँक एफईटी फॉर्म (परकीय चलन आल्याचा दाखला) देते, कमी असतील तर रक्कम जमा झाल्याचं पत्र मागून घ्यावं लागतं. मधल्या बँका वाटेत थोडे डॉलर कापतात, म्हणून सगळे चार्जेस स्वतःकडे घ्या आणि किमतीपेक्षा थोडी जास्तच रक्कम पाठवा. या सगळ्या कागदांच्या प्रती जपा; पुढे कॉन्डो विकून पैसे बाहेर नेताना बँक तेच मागते.

आता कासारवडवलीचा फ्लॅट. घर विकून घर घेतलं की भांडवली नफ्यावर करसवलत मिळते, ती नवीन घर भारतात असेल तरच. बँकॉकच्या कॉन्डोसाठी ती नाही. शिवाय विक्रेता अनिवासी असला की खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भागत नाही. दोन वर्षांहून जुन्या घरावर १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस. आणि खरेदीदार घाबरून तो बहुधा नफ्यावर नाही, अख्ख्या किमतीवर कापतो. साठेखत करण्याआधीच आयकर खात्याकडून कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र काढा. पैसे एनआरओ खात्यात येतील. तिथून सीएच्या प्रमाणपत्रासह आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात.

बायकोने ठाण्याहून पैसे पाठवायचे ठरवलं तर तिला एलआरएस (निवासींनी परदेशी पैसे पाठवायची योजना) लागू: वर्षाला अडीच लाख डॉलर, बँकेच्या ए-टू फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) एस०००५ हा उद्देश कोड, आणि करारात सहमालक म्हणून तिचं नाव. वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. ४० लाख पाठवले तर ३० लाखांवर ६ लाख. रिटर्नमध्ये ते वळते होतात, पण तोवर अडकतात. या कामासाठी इथे कर्ज काढून पैसे पाठवायची परवानगी नाही. पाठवलेली रक्कम तिथे नुसती पडूनही ठेवू नका, १८० दिवसांत वापरा नाहीतर परत आणा.

इमारतीबद्दल: परदेशी मालकांकडे एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच युनिटं असू शकतात. विक्रेता थाई असेल तर कोटा शिल्लक असल्याचं पत्र व्यवस्थापनाकडून ताज्या तारखेचं घ्या. कोटा संपला की ‘३० अधिक ३० अधिक ३० वर्षांचा लीज’ पुढे करतात. नोंदणी पहिल्या ३० वर्षांचीच होते, बाकीचं आश्वासन. थाई माणसाच्या नावावर घेण्याचा सल्ला सरळ बेकायदा आहे. मालकीपत्र उलटून बघा: पाठीमागे व्यवहारांची यादी असते, त्यात शेवटचं नाव विक्रेत्याचंच आहे ना आणि गहाणाची नोंद उठली आहे ना, हे थाई वाचणाऱ्या वकिलाकडून तपासा. सोसायटीच्या ना-हरकतीसारखं थकबाकी नसल्याचं पत्र नसेल तर नोंदणीच होत नाही. आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतर इमारतीची तपासणी झाली का, तो अहवाल मागा. भिंतीवरची नवी पुट्टी बघून समाधान मानू नका.

खर्च: हस्तांतर शुल्क सरकारी मूल्यांकनाच्या २ टक्के, बहुधा निम्मं-निम्मं. विक्रेत्याने पाच वर्षांच्या आत विकला तर सहसा ३.३ टक्के व्यवसाय कर, शिवाय आयकर कपात. कोण काय भरणार ते करारात लिहा, तोंडी नको.

इथेच माझं मत सांगतो. बदली तीन वर्षांची असेल तर भाड्यानेच राहा. विकताना तोच ३.३ टक्के तुमच्या बोकांडी बसेल, आणि कॉन्डो घेतल्याने व्हिसा वाढत नाही. ‘रिकामा असेल तेव्हा दिवसावर देऊ’ हाही हिशेब सोडा. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं हॉटेल कायद्यात अडकतं. सात-आठ वर्षं तिथेच काढायची असतील तर विचार करण्यासारखं आहे.

ठाण्याला कायमचे परतल्यावर, करासाठी सामान्य निवासी ठरलात की रिटर्नमधल्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात हा कॉन्डो दरवर्षी दाखवायचा, भाडं येत नसलं तरी. न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला जी सूट आहे ती स्थावराला नाही.

बायकोचे पैसे दोन आर्थिक वर्षांत विभागायचे असतील तर ३१ मार्चच्या आधी एक हप्ता आणि एप्रिलमध्ये दुसरा, असं सगळे करतात. फक्त १३ ते १५ एप्रिल सोंग्क्रान (थाई नववर्ष) असतो, भूमी कार्यालय बंद. नोंदणीची तारीख २० एप्रिलनंतरची घ्या.