वाचकांचे प्रश्न : पत्नीच्या संरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घ्यावे की पेपर स्प्रे?

प्रश्न : माझी पत्नी मुरारमधील एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारपाळी संपवून रात्री साडेनऊच्या सुमारास ती स्कूटरने लष्करला घरी परतते. गेल्या महिन्यात दोन वेळा मोटारसायकलवरील दोघांनी ठाटीपूरपासून पडावाच्या पुलापर्यंत तिचा पाठलाग केला. आमच्या घरात वडिलांपासून आलेली बारा बोअरची दुनाळी बंदूक आहे आणि तिचा परवाना माझ्या नावावर आहे. पत्नीसाठी बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे माझे व माझ्या मेव्हण्याचे मत आहे. तिला मात्र पेपर स्प्रे पुरेसा वाटतो. “आठ तास वॉर्डात काम करताना रिव्हॉल्व्हर मी ठेवू कुठे?” असे ती विचारते. स्प्रेने गुंड खरोखर थांबतो का? आणि तिचा स्वतःचा परवाना होईपर्यंत माझ्या परवान्यावर तिला शस्त्र बाळगता येईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या पत्रातील तीन प्रश्नांपैकी आपल्या पत्नीने विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करते. शस्त्र सांभाळून ठेवण्याची जबाबदारी चोवीस तास परवानाधारकाची असते. रुग्णालयातील कपडे बदलण्याच्या खोलीत, जिथे एका किल्लीने चार कपाटे उघडतात, तिथे भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवणे धोक्याचे आहे. आणि कमरेला लावून रुग्णाला वळवणे, सलाईन लावणे, धावपळ करणे त्याहून धोक्याचे आहे. म्हणजे ज्या रात्रीच्या अर्ध्या तासासाठी ते घ्यायचे, त्या अर्ध्या तासाआधीचे आठ तास ते तिच्यासाठी ओझे ठरणार. ही अडचण तिने आपल्याआधी ओळखली आहे आणि तिच्या म्हणण्याला घरात वजन मिळायला हवे, कारण शस्त्र आपण किंवा आपले मेव्हणे चालवणार नसून ती चालवणार आहे.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या परवान्यावर तिला शस्त्र जवळ बाळगून फिरता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नाही. तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा होईल आणि त्यात आपणही अडचणीत याल. तिला स्वतंत्र परवाना हवा असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिच्याच नावाने अर्ज करावा लागेल, पोलिसांची चौकशी होईल आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागेल. अर्ज केला म्हणजे परवाना मिळतोच असे नाही. आपल्या जिल्ह्यात परवान्याची ओढ किती आहे, हे आपण जाणताच. २०१९ मध्ये येथील जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांनी आधी दहा रोपे लावून जगवावीत, अशी अट घातली होती. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. त्या आठवड्यांत आपली पत्नी त्याच रस्त्याने, त्याच वेळी, रिकाम्या हाताने येणार आहे.

आता मूळ मुद्दा. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून बत्तीस बोअरचे ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. मला किंमतीपेक्षा सरावाची चिंता वाटते. आखूड नळीचे हलके रिव्हॉल्व्हर नेमके चालवणे अवघड असते, कारण चाप जड असतो आणि झटका हाताला जाणवतो. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरवून दिलेली असते, त्यामुळे हात बसेपर्यंत सराव करणे सामान्य गृहस्थाला जमत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युएलर यांनी १९८३ मध्ये असे दाखवले की, एकवीस फुटांवर उभा असलेला माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येऊन पोहोचतो. प्रशिक्षित पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. मग स्कूटर सावरत, हेल्मेट घातलेल्या, पर्सची चेन उघडणाऱ्या बाईला किती लागेल, हे आपणच घरी घड्याळ लावून पाहावे. अर्थात हा हिशेब स्प्रेलाही लागू आहे. पर्सच्या तळाशी डब्याखाली गेलेला स्प्रे तितकाच निरुपयोगी असतो. पण स्प्रे मुठीत धरून चालता येते, तसे रिव्हॉल्व्हर घेऊन कोणाला चालता येत नाही.

आपला दुसरा प्रश्न होता, स्प्रेने गुंड थांबतो का. पुष्कळदा थांबतो, नेहमी नाही. आणि या दोन्ही गोष्टी आपल्या पत्नीला ठाऊक असल्या पाहिजेत. स्प्रेमध्ये मिरचीतून काढलेला तेलकट अर्क असतो. तो डोळ्यांना लागताच पापण्या आपोआप मिटतात, खोकल्याची उबळ येते, श्वास कोंडल्यासारखा होतो, आणि हा त्रास साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो. मिरचीच्या या गुणावर आपल्या शेजारीच मोठे काम चालते : झाशी रस्त्यावरील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे अश्रुधूर युनिट आहे, आणि काश्मीरमध्ये छर्‍यांच्या बंदुकांना पर्याय म्हणून २०१६ मध्ये मिरचीतील तिखटपणाच्या जातीच्याच ‘पावा’ या रसायनाची जी नळकांडी वापरात आली, ती तेथे तयार झाली. अर्थात खिशातील बाटलीचा जोर त्या नळकांड्यांएवढा नसतो. तिचा पल्ला आठ ते बारा फूट असतो आणि ती थोड्याच सेकंदांत रिकामी होते. दारू किंवा नशा केलेला माणूस तिखट लागल्यावरही काही क्षण हात चालवू शकतो. हेल्मेटची काच खाली असेल, तर फवारा डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात तर अर्धे शहर गमछा बांधून आणि काळा चष्मा लावून फिरते. म्हणून फवारा मारून तिथे उभे राहायचे नाही; मिळालेल्या क्षणांत तिथून निघायचे.

फवाऱ्याचे प्रकारही पाहून घ्यावेत. धुक्यासारखा पसरणारा फवारा नेम चुकला तरी लागतो, पण वारा उलटा असेल तर आपल्याच तोंडावर येतो. सरळ धारेचा किंवा जेलचा फवारा वाऱ्यात कमी भरकटतो, मात्र त्याला नेम लागतो. स्कूटरवरून येणाऱ्या बाईसाठी मी धारेचा किंवा जेलचा सुचवीन. बंद जागेत धुक्याचा फवारा काय करतो, हे १३ फेब्रुवारी २०१४ रोजी साऱ्या देशाने पाहिले : लोकसभेत एका खासदाराने तो उडवला आणि ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता, अशा सदस्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. आपल्या पत्नीने लिफ्टमध्ये किंवा वॉर्डात तो वापरण्याचा विचारही करू नये. तिथे रुग्ण आहेत आणि त्यांत दम्याचेही असतील.

कायद्याच्या दृष्टीनेही दोन्ही साधनांत फरक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करू नये, हे त्यातील मुख्य बंधन आहे. समोरच्याचा जीव जाईल इथपर्यंत हा अधिकार मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा ठरावीक संकटांच्या वाजवी भीतीतच पोहोचतो. मागे मोटारसायकल येत आहे, शेरे मारले जात आहेत, एवढ्यावर झाडलेली गोळी न्यायालयात टिकणे कठीण आहे. आणि रस्त्यावरील गोळी नेम चुकल्यावर पानाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसालाही लागते. स्प्रेला परवाना लागत नाही, पण तो खेळणे नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका वादात, जिवाला धोका नसताना पेपर स्प्रे वापरल्याबद्दलचा गुन्हा रद्द करण्यास नकार देताना त्याला धोकादायक शस्त्र म्हटले. तेव्हा वाहन लावण्यावरून झालेल्या भांडणात किंवा घरमालकाशी वादात तो बाहेर काढायचा नाही, हे तिला स्पष्ट सांगावे.

घरातील बंदुकीबद्दल एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील तीन परगण्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत बंदूक होती, तेथे घरातच खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट अधिक आढळली, आणि मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा होता. परदेशातील आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु लग्नाच्या वरातीत आनंदाने झाडलेल्या गोळीने घरचाच माणूस गेल्याची बातमी आपल्या भागात कोणाला नवी नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा हर्ष फायरसाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली, ती उगाच नव्हे. आपली दुनाळी गोळ्यांपासून वेगळी, कुलपात असेल अशी मी आशा करते. तिच्या जोडीला दुसरे शस्त्र घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी या आठवड्यात एकाच बनावटीचे दोन स्प्रे घ्यावेत. एक सरावासाठी आहे असे समजून तो मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, भिंतीवर खडूने माणसाच्या उंचीचा चेहरा काढून रिकामा करावा. खटका कोणत्या बोटाने सरकतो, धार किती दूर जाते आणि किती लवकर संपते, हे तिच्या हाताला कळले पाहिजे. उजवा हात गाडीच्या मुठीवर असतो, म्हणून स्प्रे डाव्या खिशात राहावा. चालत्या गाडीवरून तो कधीही मारू नये. पाठलाग होत आहे असे वाटल्यास घराकडे न वळता उजेडाच्या, गर्दीच्या जागी, पेट्रोल पंपावर किंवा ठाण्यासमोर गाडी थांबवावी आणि ११२ ला फोन करावा. घर दाखवून देणे ही सर्वांत मोठी चूक ठरते.

आणि ज्या दोन पाठलागांचा आपण उल्लेख केला, त्यांची तक्रार झाली आहे का, हे पत्रात कुठेच नाही. बाईचा असा वारंवार पाठलाग करणे न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक जेवढा आठवेल तेवढा लिहून दोघांनी मिळून ठाण्यात जावे. त्या मार्गावरील दुकानांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण फार दिवस राहत नाही, म्हणून उशीर करू नये. रुग्णालयाकडेही, दुपारपाळीच्या बायकांना एकत्र निघता यावे म्हणून सुटण्याची वेळ जुळवून देण्याची मागणी लेखी करावी. त्या रस्त्याने रात्री येणारी आपली पत्नी एकटीच नसेल.

प्रश्न : यजमानांनी दोन वर्षांपूर्वी दिलेला पेपर स्प्रे माझ्या पर्समध्ये तसाच पडून आहे. तो अजून चालेल का? आणि घरात मुलाच्या हातून चुकून उडाला, तर काय करावे?
— एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : बाटलीवरील मुदतीची तारीख पाहावी. अर्क टिकतो, पण त्याला बाहेर ढकलणारा वायू हळूहळू कमी होतो, आणि मग धार चार फुटांवरच गळून पडते. मुदत संपली असल्यास नवा घ्यावा. नवा स्प्रे स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नये. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात डिक्की भट्टीसारखी तापते आणि दाबाखालची बाटली फुटू शकते. विमानात केबिनमध्ये तो नेऊ देत नाहीत, तेव्हा प्रवासाआधी पर्स तपासावी.

चुकून उडाला, तर मुलाला लगेच मोकळ्या हवेत न्यावे, डोळे चोळू देऊ नयेत आणि थंड पाण्याच्या हलक्या धारेने पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवावेत. कपडे बदलावेत. कातडीवरचा अर्क तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही, तिथे सौम्य साबण वापरावा. तूप, तेल किंवा मलम लावू नये, त्याने अर्क कातडीवरच राहतो. धुणाऱ्याने आपले हात आधी आणि नंतरही साबणाने धुवावेत, नाहीतर तेच तिखट त्याच्या डोळ्यांत जाते. मुलाला दमा असेल, श्वास घेताना घरघर येत असेल किंवा तासाभराने डोळे उघडता येत नसतील, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि बाटली दाखवण्यासाठी सोबत घ्यावी.