काळ्या कपड्यांवर पांढरे डाग

प्रश्न: आमचं फ्रंट लोड मशीन चार वर्षांचं आहे. काळ्या कपड्यांवर पांढरट ओघळ उठतात, दार उघडलं की कुबट वास येतो. पावडर वाढवून बघितली, फरक नाही. पाणी बोअरचं.
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, पावडर वाढवली तिथंच चुकलं बघा! बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि न विरघळलेली पावडर यांचा थर ड्रमच्या मागं बसतो, तोच कपड्यांवर येतो. माझ्याकडंही हेच झालं होतं. मुलाचे तालमीतले कपडे तांबड्या मातीसकट मशीनमध्ये कोंबायची मी. फिल्टर उघडला तर चिखल, दोन नाणी आणि एक सेफ्टी पिन!

मशीन रिकामं ठेवून ड्रममध्ये 100 ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड टाका, 60 अंशांवर पूर्ण फेरी चालवा. किराणा दुकानात मिळतं. त्याच फेरीत ब्लीच मात्र अजिबात नको, विषारी वायू तयार होतो. दाराच्या रबराची घडी उलटून जुन्या टूथब्रशनं घासा. वासाचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. पावडरचा कप्पाही काढून धुवा.

पुढं पावडरऐवजी लिक्विड वापरा, तेही बेतानं. धुणं झालं की दार उघडं ठेवा. पावसाळ्यात तर ठेवाच, आपल्याकडं जुलैत भिंतीसुद्धा वाळत नाहीत.