मधुमेह असलेल्या वडिलांसाठी कोणता सुकामेवा घ्यावा, आणि किती?

वडिलांना मधुमेह आहे, वाशीच्या मसाला मार्केटमधून त्यांच्यासाठी सुकामेवा आणायचाय, काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मीही मधुमेही आहे आणि नेरुळहून तिथेच जातो, म्हणून सांगतो.

बदाम, अक्रोड, पिस्ते निश्चिंत घ्या. बेदाणे, खजूर, अंजीर बाजूला ठेवा. बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते. मिक्सचं तयार पाकीट घेतलंत तर त्यात बेदाणे हमखास निघतात. काजूला बंदी नाही, पण 100 ग्रॅम काजूत सुमारे 30 ग्रॅम कर्बोदकं आणि तंतू जेमतेम 3 ग्रॅम. बदामात तंतू 12 ग्रॅमच्या आसपास. म्हणून काजू चार-पाच, तेही कधीमधी.

आणि बदाम-अक्रोड परवडत नसतील तर मन खट्टू करू नका, शेंगदाणे आणा. त्यात बदामापेक्षा प्रथिनं जास्त असतात आणि त्यांनी साखर हळूहळू चढते. घरीच कढईत कोरडे भाजा. खारे दाणे नकोत, बीपी असेल तर नकोतच. कुबट किंवा बुरशी आलेले दाणे सरळ फेकून द्या. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि भाजून ते पूर्ण जात नाही.

खरा घोळ प्रमाणात होतो. दिवसाला एक लहान मूठ, म्हणजे 25-30 ग्रॅम. सगळे बदामच घेतले तर साधारण 20-22. एवढ्यात 160 च्या आसपास कॅलरी जातात, म्हणून ही मूठ कशाच्या तरी बदल्यात द्यायची. वडील संध्याकाळी चहाबरोबर खारी नाहीतर फरसाण खात असतील, तर ते काढून त्या जागी हे द्या. नुसती भर घातलीत तर वजन वाढेल, आणि वाढलेलं वजन साखरेला मुळीच मानवत नाही. आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत दाण्याचं कूट जातंच, तेही याच मुठीत धरा. उपासाला कूट भरपूर घातलं म्हणून साबुदाण्याची खिचडी चालेल असं मात्र समजू नका; साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्चच.

किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. आणि कधी साखर उतरून त्यांना घाम फुटला, हात थरथरले, तर त्या वेळी बदाम देऊ नका, स्निग्धांशामुळे त्यांचा उपयोग व्हायला फार उशीर लागतो. शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.